चंद्रभागेच्या उगमाकडे, भर पावसात

[दृश्य : दर्यापूर तालुक्यातलं शेत. जुनी विहीर, रहाट मोडलेला.]

विहिरीला पाणी आहे. पण ते पिता येत नाही. पिकाला दिलं, तर काळी माती आवळत जाते आणि पुढं पाणीच मुरेनासं होतं. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेला हा खारपाणपट्टा. आम्ही इथलेच.

आमच्या नळाला गोड पाणी येतं ते उत्तरेकडून, सातपुड्याच्या पायथ्याच्या शहानूर धरणातून. दर्यापूरजवळून वाहणारी चंद्रभागाही (ही पंढरपूरची नव्हे) त्याच डोंगरातून उतरते. आकाश मोकळं असलं की उत्तरेला ती निळी रांग आम्हाला रोज दिसते. तिथवर पायी जायचं, रात्री तंबूत काढायच्या आणि आपलं पाणी सुरू कुठं होतं ते बघायचं, एवढ्यासाठी ऑगस्टमध्ये आम्ही निघालो.

[दृश्य : धामणगाव गढीच्या पुढचा चढ. धुकं. पाठीवर सामान घेतलेली मुलं.]

धामणगाव गढी मागं पडली की सपाटी संपते. वळणागणिक हवा गार होत जाते. चिखलदऱ्याचं पठार समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या आसपास उंच, आणि पाऊस आमच्या गावाच्या दुपटीच्या घरात. ढग इतके खाली येतात की पुढचा माणूस फक्त आवाजानं कळतो.

या दिवसांत हा डोंगर पाहिला तर कुणीही त्याला वर्षावन म्हणेल. बुंध्यांवर शेवाळ, झुडपांतून वर आलेली लाल-पिवळी कळलावी, बांधाला रानहळदीची फुलं. पण वर्षावन वर्षभर हिरवं राहतं. त्यासाठी आंबोलीसारखा पाऊस लागतो. मेळघाटचं जंगल पानझडीचं. साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह, सालई, बांबू. मार्च-एप्रिलमध्ये याच सागाला एक पान नसतं आणि खालचा खडक तापून निघतो. वर्षभराचं वाढणं, फुलणं, साठवणं या जंगलाला चार महिन्यांत उरकावं लागतं. म्हणून तर पावसाळ्यात इथं पायी यावं. जंगल कामाला लागलेलं फक्त आत्ताच दिसतं.

[दृश्य : सागाचं पान, अगदी जवळून.]

हे सागाचं कोवळं पान. बोटांत चोळलं की बोटं लाल होतात. वरच्या टोकाला पांढऱ्या फुलांचे तुरे आलेत. शेजारच्या झाडाच्या पानांची मात्र चाळण झालीय. एका बारीक अळीनं हिरवा भाग खाऊन नुसत्या शिरा ठेवल्यात. पावसाळा सरता सरता अशी जाळीदार पानं सगळीकडे दिसतात. झाड त्यानं मरत नाही. पाऊस थांबला तरी सागाखाली बराच वेळ थेंब पडत राहतात, कारण एकेक पान पाणी धरून ठेवतं आणि सावकाश सोडतं. ते पाणी कुजलेल्या पाचोळ्यात उतरतं, तिथून मुळांच्या वाटेनं बेसाल्टच्या भेगांत. उघड्या उतारावर तेच पाणी माती घेऊन सरळ नाल्यात पळतं. हा फरक पुस्तकात वाचला होता. इथं दोन ओहोळ शेजारी शेजारी पाहिले, एक नितळ आणि एक गढूळ.

१९७३-७४ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होतं. गाभा क्षेत्रात परवानगीशिवाय पायी फिरता येत नाही, आणि ते योग्यच आहे. आम्ही बाहेरच्या गावांच्या पायवाटा धरल्या, वनखात्याला विचारून, आणि वस्तीवरचा जाणता माणूस सोबत घेऊन.

हे दादा कोरकू आदिवासी. घरी कोरकू बोलतात, जी संथाळी-मुंडारीच्या कुळातली भाषा. सोंगणीच्या दिवसांत खाली अंजनगावकडे कामाला येतात, त्यामुळं वऱ्हाडीही अस्सल. तंबूसाठी आम्ही नाल्याकाठची सपाट, हिरवीगार जागा निवडली होती. दादांनी काही न बोलता एका झुडपाकडे बोट दाखवलं. आमच्या कमरेइतक्या उंचीवर, फांद्यांच्या बेचक्यात, काडीकचरा आणि वाळलेलं गवत अडकलं होतं. पूर तिथवर येऊन गेला होता.

"इथं झोपसान तं सकाळी दर्यापुरातच निंघसान," दादा म्हणाले.

मग त्यांनीच वर मुरमाड उतारावर जागा दाखवली. सालईखाली नको, तिची फांदी ठिसूळ. बांबूच्या बेटाजवळ नको, तिथं साप. तंबूच्या वरच्या अंगाला वीतभर खोल चर खणून पाणी बाजूला काढलं. रात्री पाऊस झोडपत होता आणि खालच्या नाल्याचा आवाज तासाभरात बदलला. सकाळी ती हिरवी जागा पाण्याखाली होती.

जेवण वस्तीवर. समोरासमोर दोन रांगांत घरं, मधून रस्ता, शेणानं सारवलेले ओटे. चुलीवर कुटकीचा भात, तुरीचं वरण आणि तरोट्याची भाजी. तरोटा आमच्याकडेही बांधावर उगवतो. आम्ही तो उपटून फेकतो.

[दृश्य : गाविलगडाचा दरवाजा. मग तलाव.]

गाविलगडावर पर्यटक दरवाजे आणि तोफा बघतात. १५ डिसेंबर १८०३ ला आर्थर वेलस्लीच्या फौजेनं हा किल्ला घेतला, हेही सांगितलं जातं. आम्ही मात्र तलावांपाशी रेंगाळलो. एवढ्या उंचीवर शिबंदी वर्षभर राहायची ती पावसाचं पाणी अडवून. आजही ऑगस्टमध्ये ते तलाव भरतात.

[दृश्य : देवी पॉइंट. कपारीतून ठिबकणारं पाणी.]

आणि हा देवी पॉइंट. खडकाखाली देवीचं ठाणं आहे आणि माथ्यावरच्या दगडातून पाणी झिरपत राहतं. चंद्रभागा इथून निघते असं मानतात. आमच्यातल्या एकानं ओंजळ धरली. पाणी गार आणि गोड. पठाराच्या या अंगाचं पाणी चंद्रभागा, शहानूर, सापन अशा नद्यांनी पूर्णेला जातं. पलीकडच्या उतारावरचं सिपना नदीतून तापीला. दोन्ही पाणी पुन्हा एक होतं ते थेट जळगाव जिल्ह्यात, चांगदेवला, तापी-पूर्णेच्या संगमावर.

इथवर सगळं सुंदर होतं. पण शेवटच्या संध्याकाळी वस्तीवरच्या बाया बोलत्या झाल्या. होळीनंतर नाला आटतो. मग वाळूत झिरा खणायचा, वाटीनं पाणी भरायचं, भांडं भरलं की पुढचीचा नंबर. चिखलदरा तालुक्यातल्या काही गावांना उन्हाळ्यात टँकर लागतो. महाराष्ट्रातल्या चांगल्या पावसाच्या पठारांपैकी हे एक, आणि मे महिन्यात इथं टँकर! बेसाल्टचा उतार पाणी थांबू देत नाही. ते खाली उतरतं, आमच्या धरणांत साठतं, आमच्या नळाला येतं. आमच्या घरी हंडा भरायला दोन मिनिटं लागतात.

दादांना विचारलं, काय करायला हवं? त्यांना विचार करावा लागला नाही. वस्तीच्या वरच्या उतारावर समतल चर, नाल्यावर ठिकठिकाणी दगडी बांध, आणि हे काम उन्हाळ्यात, मजुरी इथंच देऊन. म्हणजे पाणीही अडेल आणि माणसं गाव सोडून जाणार नाहीत. जागाही त्यांनी दाखवल्या. आम्ही त्या एकेक करून चित्रित केल्या आहेत.

या चित्रफितीचा दुसरा भाग आम्ही मे महिन्यात करणार आहोत, याच वस्तीवर, याच नाल्यात. दर्यापूर-अंजनगावकडच्या ज्यांना सोबत यायचं असेल, त्यांनी यावं. कुदळ-फावडं लागेल.