अठ्ठाविसावा आउट

२ जून २०१०, डेट्रॉईटचे कोमेरिका पार्क हे बेसबॉलचे मैदान. नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगमध्ये दोन आउट झाले आहेत आणि डेट्रॉईट टायगर्सचा व्हेनेझुएलन पिचर (चेंडू टाकणारा) अर्मांडो गलारागा याने क्लीव्हलँडच्या सलग सव्वीस बॅटरांपैकी एकालाही पहिल्या बेसवर पाय ठेवू दिलेला नाही. आणखी एक आउट मिळाला, तर परफेक्ट गेम, म्हणजे प्रतिस्पर्ध्यांपैकी एकालाही बेसवर न पोहोचू देता सत्तावीसही बॅटर बाद केल्याचा सामना, पूर्ण होईल; मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगच्या इतिहासात तोवर असे सामने अवघे वीस झाले होते.

सत्ताविसावा बॅटर जेसन डोनाल्ड याने मारलेला जमिनीलगतचा चेंडू टायगर्सच्या मिगेल काब्रेराने उजवीकडे सरकत अडवला आणि पहिला बेस सांभाळायला धावून आलेल्या गलारागाकडे फेकला. क्रिकेट पाहणाऱ्यांना हा प्रसंग रनआउटसारखा वाटेल, फक्त इथे क्रीझच्या जागी बेस असतो. चेंडू हातमोज्यात होता, पाय बेसवर होता आणि डोनाल्ड अजून पोहोचायचा होता. तरीही पंच जिम जॉयस यांनी दोन्ही हात बाजूंना पसरून ‘सेफ’, म्हणजे नाबाद, म्हटले आणि परफेक्ट गेम हुकला. गलारागा क्षणभर नुसता हसला, पुन्हा जागेवर गेला आणि पुढच्या बॅटरला बाद करून त्याने सामना ३-० असा संपवला.

घरी टीव्हीसमोर बसलेल्या कुणालाही जे मिनिटभरात कळले, ते मैदानावरच्या पंचांना पाहण्याची मुभा नव्हती, आणि आज हीच बाब सर्वांत चमत्कारिक वाटते. व्हिडिओ पुनरावलोकन ऑगस्ट २००८ मध्ये सुरू झाले होते. परंतु ते होमरनबाबतच्या वादांपुरते, म्हणजे चेंडू कुंपणापलीकडे गेला की नाही यांसारख्या प्रश्नांपुरतेच होते. जॉयस यांनी सामन्यानंतर चित्रण पाहिले आणि आपली चूक उघडपणे मान्य केली. दुसऱ्या दिवशी होम प्लेटपाशी (बॅटर उभा राहतो त्या जागी) संघाची यादी द्यायला गलारागाच आला, तेव्हा जॉयस यांना अश्रू आवरले नाहीत. लीगचे आयुक्त बड सेलिग यांनी मात्र निकाल बदलला नाही, त्यामुळे अधिकृत नोंदीत तो चेंडू आजही हिट, म्हणजे बॅटरला बेस मिळवून देणारा फटका, म्हणूनच आहे.

२०१४ च्या हंगामापासून व्यवस्था बदलली. संघाचा व्यवस्थापक (मॅनेजर) निर्णयाला आव्हान देतो, मैदानावरचे पंच कानाला हेडसेट लावतात आणि न्यूयॉर्कमधील केंद्रात बसलेले पंच निरनिराळ्या कोनांतील दृश्ये पाहून निवाडा करतात. हा निवाडा तीन प्रकारचा असतो: निर्णय चुकला असेल तर तो फिरवला जातो, बरोबर ठरला तर त्यावर शिक्कामोर्तब होते, आणि चित्रणातून काहीच निःसंशय सिद्ध होत नसेल तर मूळ निर्णय ‘कायम राहतो’. हा तिसरा प्रकार प्रामाणिक आहे, कारण कॅमेऱ्यालाही सगळे दिसत नाही हे तो कबूल करतो. अर्थात ज्या संघाचे नुकसान होते, त्याला तो पटणे अवघड.

बॉल की स्ट्राइक, म्हणजे बॅटरने न मारलेला चेंडू ठरलेल्या पट्ट्याबाहेरून गेला की त्यातून, हा खेळातला सर्वाधिक वेळा दिला जाणारा निर्णय, मात्र त्यानंतरही वर्षानुवर्षे या कक्षेबाहेर राहिला. २०२६ च्या हंगामासाठी त्यालाही आव्हान देण्याची पद्धत मंजूर झाली असून, त्यात प्रत्येक संघाला सुरुवातीला दोन आव्हाने मिळतात. ती व्यवस्थापकाने नव्हे, तर बॅटर, पिचर किंवा कॅचर (बॅटरमागे चेंडू झेलणारा) यांनी, बाहेरून कुणाचीही मदत न घेता, टोपीवर किंवा हेल्मेटवर हात थोपटून तत्काळ द्यायची असतात.