शोफर: आधी आग, मग चाक

आपल्याकडे शोफर म्हटलं की गणवेशातला, साहेबांसाठी मागचं दार उघडणारा ड्रायव्हर डोळ्यांपुढे येतो. फ्रेंचमध्ये मात्र 'शोफे' म्हणजे तापवणं, आणि शोफर म्हणजे तापवणारा.

अठराव्या शतकाच्या अखेरीस या नावाची दहशत होती. पॅरिसच्या नैर्ऋत्येला, बोसच्या गव्हाच्या मुलखात, दरोडेखोर रात्री शेतकऱ्याच्या घरात शिरत आणि पैसा कुठे पुरलाय ते सांगेपर्यंत त्याचे पाय विस्तवावर धरत. म्हणून ते शोफर. त्यांतल्या ओर्झेरच्या टोळीवर शार्त्रला खटला चालला. १८०० साली कित्येकांना गिलोटिनवर पाठवलं गेलं.

पुढे रेल्वे आली आणि शब्दाला बरे दिवस आले. इंजिनात कोळसा घालणारा, आपला फायरमन, तो शोफर झाला.

रस्त्यावरही आधी वाफच धावली. आमेदे बोले यांची १८७३ची 'ओबेइसांत' गाडी बघा. बारा जणांची बैठक, पुढे चालक, मागे बॉयलर आणि बॉयलरपाशी शोफर. म्हणजे माणसं दोन, कामं दोन! पुढच्या लहान वाफगाड्यांत ही दोन्ही कामं एकाच माणसाकडे आली आणि नाव उरलं ते आगवाल्याचं.

पेट्रोलच्या गाड्या आल्या तरी ते विसंगत वाटलं नाही, कारण आग होतीच. १८९०च्या दशकातल्या पानार-लव्हासोर गाडीत सिलिंडरबाहेर प्लॅटिनमची छोटी नळी असे. आधी तिच्याखालचा बर्नर पेटवायचा, नळी लालभडक होईपर्यंत थांबायचं आणि मगच हँडल मारायचं. पिस्टनने दाबलेलं पेट्रोल-हवेचं मिश्रण नळीत घुसून पेट घेई. नळी थंड राहिली तर इंजिन फुरफुरून बंद. फार तापली तर मिश्रण वेळेआधी पेटे आणि हँडल उलटं फिरून मनगटावर बसे. वारा आडवा लागला की बर्नरच विझे. विजेची ठिणगी आली तेव्हा कुठे ही कटकट संपली.

त्या काळी स्वतःची गाडी हाकणारा मालकही शोफरच म्हणवला जाई. पगारी नोकर हा अर्थ इंग्रजीने पक्का केला, आणि आपण तो तिथूनच उचलला.

स्त्रीलिंगी रूप आणखी गमतीचं. फ्रान्समधल्या फर्निचरच्या दुकानात 'शोफोझ' मागाल तर बुटकी खुर्ची मिळेल, मूळची शेकोटीजवळ बसायची. बाई टॅक्सी चालवत असेल तर तीही शोफोझच. आणि बेफाम गाडी हाकणारा? 'शोफार'. शेवटचा 'आर' हा हिणवण्याचा प्रत्यय. फ्रेंच ड्रायव्हर हा शब्द खिडकीतून डोकं काढून वापरतात.