खिडकीतला ग्लास

श्रोतेहो, नमस्कार. नशेचं इंजेक्शन म्हटलं की आपल्याला गर्द आठवते. पण सुई टोचणाऱ्या तरुण मुलांच्या हातात पुष्कळदा असतं डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध. दुखण्यावरची गोळी, झोपेची गोळी. कुणाच्या तरी ऑपरेशननंतर घरात उरलेलं पाकीट. (पाकीट कापताना नेमकी नावावर कात्री चालवणाऱ्यांवर माझा जुना राग आहे. उरलेला तुकडा कशाचा, कळतच नाही.)

माझ्याकडे समुपदेशनाला एकोणीस वर्षांचा मुलगा यायचा. गोळ्या पाण्यात कालवून सुईने टोचून घ्यायचा. गर्दुल्ला म्हणू नका, तो शब्द मला चालत नाही. तो म्हणाला, "मी गर्द घेत नाही हो. कंपनीची गोळी, चोख माल."

मी वाद घातला नाही. तापाची एक साधी गोळी चमच्याने चुरली, ग्लासभर पाण्यात ढवळली, ग्लास खिडकीत ठेवला. मग अर्धा तास त्याच्या फुटबॉलच्या गप्पा. गोलकीपर होता, बोलायला लागला की थांबायचा नाही. उठताना त्याला ग्लास दाखवला. तळाशी पांढरा थर.

"हे काय?"

"गोळीला गोळीपण देणारा माल. स्टार्च, सेल्युलोज. काही गोळ्यांत शंखजिरं, म्हणजे टाल्क."

"मी कापसातून गाळतो."

"बारीक कण तरी जातातच."

पोटात गेलं तर पोट बघून घेतं. शिरेतून गेलं तर ते थेट फुफ्फुसात जातं आणि तिथल्या केसाहून बारीक नळ्यांत अडकतं. पुन्हा सांगतो, पोटात घ्यायची गोळी शिरेसाठी नसते.

तो बराच वेळ ग्लास हलवत राहिला. मग म्हणाला, "तरीच जिना चढताना धाप लागते. मला वाटलं, बिडीमुळे."

वेळ संपत आलाय, भराभर सांगतो. अफूच्या जातीचं औषध (दुखण्यावरच्या काही कडक गोळ्या याच जातीच्या) आणि झोपेची गोळी एकत्र घेतली की श्वास मंदावतो, थांबूही शकतो. नॅलोक्सोन अफूच्या औषधाचा असर उतरवतं, झोपेच्या गोळीचा नाही. तेही 30 ते 90 मिनिटंच टिकतं, म्हणून शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यायचंच. मध्ये काही दिवस सोडून पुन्हा जुनाच डोस घेतला तर तोच जिवावर बेततो. आणि एकच सुई दोघांत, म्हणजे हेपटायटिस सी आणि एचआयव्हीला आमंत्रण.

त्या मुलाला पुढे उपचारासाठी ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे व्यसन सोडवायला देतात ते औषध, सुरू झालं. पहिल्या दिवशी गोळी हातात घेऊन त्याने विचारलं, "ही पण टोचायची नाही ना?"

"जिभेखाली ठेव," मी म्हटलं. "आणि विरघळेपर्यंत गप्प बस."

फुटबॉलवाल्याला तेवढंच जड गेलं.