बुद्धिबळात ई-४ ला काळ्याने काय खेळायचं? आधी तो उंट बाहेर काढा!

नमस्कार मंडळी, बेळगावच्या टिळकवाडीतून बोलतोय. मागच्या व्हिडिओखाली निम्म्या कमेंट्स एकच: 'सर, समोरच्यानं ई-४ केलं, म्हणजे राजापुढचं प्यादं दोन घरं पुढं टाकलं, की काळ्याने काय करायचं?' कारो-कान नावाचं ओपनिंग, म्हणजे डावाची सुरुवात, खेळा. पांढरा ई-४, काळा सी-६, पांढरा डी-४, काळा डी-५. झालं. होरेशियो कारो आणि मार्कस कान या दोघांनी १८८६ मध्ये याचा अभ्यास छापला, म्हणून हे नाव. आणि कमेंटमध्ये याला 'घाबरटांचं ओपनिंग' म्हणणाऱ्या निपाणीच्या दादा, तसं असेल तर जगज्जेता बोटविनिक घाबरट! १९५८ मध्ये स्मिस्लॉव्हकडून जगज्जेतेपद परत घेताना तो हेच खेळला.

आता माझं दुखणं. सी-८ वरचा उंट. तो आत असताना ई-६ खेळू नका हो! वाटच बंद होते त्याची. फ्रेंच ओपनिंग (ई-४ ला लगेच ई-६) खेळणारे याच उंटापायी डावभर कण्हत असतात. खडेबाजारच्या गल्लीत तोंडाशी स्वतःचीच बुलेट आडवी लावायची आणि मग आतली स्कूटर काढायला जायचं, असं करता का कधी?

तिसऱ्या खेळीला पांढऱ्याने प्यादं ई-५ वर सरकवलं, तर उंट एफ-५. घोडा सी-३ आणला, तर डी-५ च्या प्याद्यानं ई-४ मारा, त्यानं घोड्यानं परत मारलं की उंट एफ-५. ई-६ त्यानंतर. आमच्या शेजारचे कानडी आजोबा उंटाला 'ओंटे' म्हणतात, मी ई-प्याद्याला हात लावला की गॅलरीतून ओरडतात, "ओंटे, ओंटे!"

खानापूरच्या एका पोरानं डाव पाठवलाय. बत्तिसाव्या खेळीला मात झाली, उंट सी-८ वरच. बघा की!

बरं, बाहेर काढलात, आता त्याला सांभाळा. पांढऱ्याचा घोडा जी-३ वर येऊन हाकलतो, उंट जी-६. पांढऱ्याचं प्यादं एच-४ वर आलं की लगेच आपलं प्यादं एच-६. शाळेत असताना एका स्पर्धेत मी तिथं निवांत घोडा डी-७ खेळलो, लक्ष सगळं डब्यात. त्यानं एच-५ ढकललं. एफ-५ वर त्याच्या घोड्याचा डोळा, ई-४ वरही त्याचाच, मागं एच-७ वर माझंच प्यादं. एका प्याद्याच्या बदल्यात उंट गेला. समोरचा पोरगा सहावीतला. डाव संपल्यावर त्यानंच मला कुंदा दिला, वर विचारतोय, "दादा, एच-६ का नाही खेळलास?"