चिखलातला मोर्चा

(दृश्य : लंडन, हाइड पार्क कॉर्नर. ओला रस्ता, ओल्या टोप्या.)

९ फेब्रुवारी १९०७. पावसाने रस्त्याचा नुसता राडा झालाय. तीन हजारांहून जास्त बायका इथून स्ट्रँडवरच्या एक्झेटर हॉलकडे चालत निघाल्यात. मागणी एकच, पार्लमेंटच्या निवडणुकीत मताचा हक्क. पुढे मताधिकार चळवळीच्या नेत्या मिलिसंट फॉसेट, लेडी स्ट्रेची, लेडी फ्रान्सिस बाल्फर. आखणी फिलिपा स्ट्रेची यांची.

त्या काळचा स्कर्ट जमिनीला टेकणारा. चिखलात घोळ भिजला की जड होतो, पायात येतो. तो उचलून धरायला एक हात गेला की फलकाला उरतो एकच. आणि भर रस्त्यात, बघ्यांच्या गर्दीतून असं चालणं म्हणजे अब्रूचा प्रश्न. कुणाची नोकरीही जाऊ शकत होती. तरी त्या चालल्या. मोर्चाचं नाव पडलं 'मड मार्च'. पुढच्याच महिन्यात मताधिकाराचं विधेयक पार्लमेंटात आलं, आणि भाषणं लांबवून ते मतदानाआधीच मारलं गेलं.

(दृश्य : रेशमी कापडावर सुईचे टाके, अगदी जवळून.)

त्याच मागणीचा १३ जून १९०८ चा मोर्चा थेम्स नदीकाठच्या एम्बँकमेंट रस्त्यावरून अल्बर्ट हॉलला गेला. यात दहा हजारांवर बायका होत्या, आणि ७० हून अधिक शिवलेली निशाणं. आर्टिस्ट्स सफरेज लीग या मताधिकारवादी कलावंतांच्या संघटनेच्या मेरी लाउंड्स यांनी बरीचशी रेखाटली. त्या रंगीत काचांच्या खिडक्या करणाऱ्या कलावंत, त्यामुळे लांबून काय दिसतं हे त्यांना नेमकं कळत होतं. रंग ठळक, अक्षरं मोजकी. शास्त्रज्ञ मारी क्युरींच्या सन्मानार्थ केलेल्या निशाणावर त्यांच्या नावाबरोबर एकच शब्द, रेडियम.

एवढं मोठं कापड वाऱ्यात शिडासारखं फुगतं आणि काठी धरणारीला मागे रेटतं. म्हणून वरच्या टोकांना दोऱ्या बांधायच्या आणि त्या ताणून धरायला आणखी बायका द्यायच्या. दोरी सैल पडली की कापड दुमडलं, नाव गायब.

१७ जून १९११ ला सुमारे ४०,००० जणी पाच-पाचच्या ओळीत चालल्या. म्हणजे जवळपास ८,००० ओळी! पुढची ओळ क्षणभर थबकली तरी धक्का मागपर्यंत जातो. याच मोर्चात साड्या नेसलेल्या भारतीय स्त्रियाही होत्या.

१९१८ मध्ये मत मिळालं, पण तिशी ओलांडलेल्यांना, तेही मालमत्तेची अट घालून. विशीतल्या मुलींना पुरुषांच्या बरोबरीने, २१ व्या वर्षी मत मिळायला १९२८ उजाडलं.