डोकं कुठं फुटायचं, हे हायड्राला कसं कळतं?

नमस्कार. साताऱ्याची थंडी अंगावर घेऊन आपण एवढे जण आलात, मनापासून आनंद झाला. ही थंडी आजच्या माझ्या पाहुण्याला, हायड्रा नावाच्या पाण्यातल्या इवल्याशा प्राण्यालाही, मानवते. तो मागच्या टेबलावर काचेच्या वाटीत आहे. आत्ता कुणी उठू नका, शेवटी सगळ्यांना दाखवणार आहे. मंगळवारी संध्याकाळी मी त्याचे दोन तुकडे केले. आज गुरुवार. तुम्ही बघाल तेव्हा तो पुन्हा घडत असेल.

पत्रिकेवर प्रश्न छापलाय, त्याचं उत्तर द्यायचं मी कबूल केलंय. पण ज्याच्या डोक्याबद्दल बोलायचं, त्याची ओळख तर झाली पाहिजे. इथं बसलेल्या बहुतेकांनी दहावीला हायड्राची आकृती काढली असणार. मुकुलायन म्हणजे अंगावर कळी फुटून नवा जीव होणं, पुनर्जनन म्हणजे तुटलेला भाग पुन्हा घडणं, दोन-दोन मार्क. हात वर करा बघू, जिवंत हायड्रा किती जणांनी पाहिलाय? दोन. तीन. दीडशे माणसांत तीन! हे दुःख मी तीस वर्षं बाळगून आहे. वाघ पाहिला नाही तर समजू शकतो, वाघ लांब आहे. हायड्रा तुमच्या विहिरीत आहे.

मलाही तो असाच उशिरा भेटला. नोकरीला लागल्यावर पहिली तीन वर्षं मी हायड्रा शिकवला तो भिंतीवरच्या तक्त्यावरून आणि स्लाइडवरून. स्लाइडवरचा हायड्रा म्हणजे गुलाबी रंगवलेलं, आक्रसलेलं कलेवर. चौथ्या वर्षी शेवटच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. कोरेगावकडच्या एका खेड्यातून एसटीनं यायची. म्हणाली, "सर, ह्यो राहतो कुठं?" मी म्हणालो, गोड्या पाण्यात. ती म्हणाली, "आमच्या हिरीचं पाणी गोडच हाय की. त्यात असंल का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. एम.एस्सी. झालेल्या माणसाला आपल्या जिल्ह्यातल्या विहिरीत काय राहतं हे ठाऊक नाही, आणि तरी तो शिकवतोय, हे त्या दिवशी फार लागलं. रविवारी तिच्या गावाला गेलो. तिच्या वडिलांनी पायऱ्यांवरून उतरून पाण्यातल्या वनस्पतीचे दोन झुबके काढून दिले. घरी आणले, लोणच्याच्या काचेच्या बरणीत विहिरीच्याच पाण्यात सोडले आणि बरणी खिडकीत ठेवली. दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आलो, तर बरणी लख्ख घासून उपडी. आई म्हणाली, "कुजकट पाणी ओतलं जास्वंदीला." तिचं काय चुकलं? कुणी सांगितलंच नव्हतं तिला.

पुढच्या रविवारी परत गेलो. या वेळी बरणीवर कागद चिकटवला: हात लावू नये. तिसऱ्या दिवशी सकाळी, जिकडून उजेड येत होता त्याच बाजूच्या काचेवर, आतून काहीतरी चिकटलेलं दिसलं. पांढऱ्या दोऱ्याचं टोक उसवावं तसं. लांबी जेमतेम सात-आठ मिलीमीटर, आणि टोकाला पाच बारीक धागे पाण्यात तरंगत होते. मी बरणीला बोट लावलं मात्र, सगळं आक्रसून खसखशीच्या दाण्याएवढं झालं. श्वास रोखून बसलो. दोन मिनिटांनी दाणा पुन्हा हळूहळू लांबला.

तेवढ्यात एक पाणपिसू, पाण्यातला बारीकसा जीव, टुणटुण उड्या मारत आली, त्या धाग्यांपैकी एकाला, म्हणजे शुंडकाला, घासली आणि जागच्या जागी थांबली. दंशपेशींनी काम केलं होतं. या पेशीत गुंडाळलेली नळी असते, स्पर्श झाला की ती बाणासारखी सुटते. तिच्या सगळ्यात जोरकस प्रकारात हा बाण साधारण ७०० नॅनोसेकंदांत सुटतो, सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी वेळात. मग ते शुंडक भक्ष्य ओढत तोंडाशी आलं, आणि मोजा पायावर चढवावा तसं त्या प्राण्यानं स्वतःला पाणपिसूवर चढवलं. आई माझ्या खांद्यावरून बघत होती. म्हणाली, "अगं बाई, जेवतंय की!" त्या दिवसापासून बरणीची राखण तिच्याकडे. कागद मी काढून टाकला.

आता शरीररचना, थोडक्यात. एक पोकळ नळी. खाली चिकटायची चकती, वर तोंड, तोंडाभोवती शुंडकं. जेवण आत जायचं आणि उरलंसुरलं बाहेर टाकायचं दार एकच. नळीची भिंत पेशींच्या दोन थरांची, मध्ये जेलीसारखा पातळ पदर. हृदय नाही, रक्त नाही, मेंदू नाही. चेतापेशी आहेत, पण जाळं टाकावं तशा अंगभर विखुरलेल्या. अंगावर कळी फुटते, तिला तोंड-शुंडकं येतात आणि ती सुटून वेगळी राहते. एवढाच संसार.

हा प्राणी की वनस्पती, हे सुरुवातीला शहाण्यांनाही कळेना. सूक्ष्म जीव पाहणाऱ्या डच लेव्हेनहूकनं १७०२ साली आपल्या भिंगातून तो पाहिला होता. पण त्याचा पिच्छा पुरवला तो अब्राहम ट्रेम्ब्ले यानं. जिनिव्हाचा हा तरुण हॉलंडमध्ये हेगजवळ काउंट बेंटिंक यांच्या मुलांचा घरचा शिक्षक होता. मला हे फार आवडतं. प्रयोगशाळा नाही, पद नाही, खिडकीत बरण्या आणि शेजारी दोन लहान मुलं. त्याला मिळालेले हायड्रा हिरवे होते. त्यांच्या पेशींत हिरवं शैवाल मुक्कामाला असतं, हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. रंगावरून वनस्पती वाटावी, पण हे तर आक्रसतं, कोलांट्या घेत चालतं. ट्रेम्ब्लेनं सरळ विचार केला: कापून बघू. दोन्ही तुकडे जगले तर वनस्पती, मेले तर प्राणी. २५ नोव्हेंबर १७४० रोजी त्यानं पहिला हायड्रा कापला. दोन्ही तुकडे जगले, आणि दोन्ही तुकडे पुन्हा चालायला आणि शिकार करायला लागले! कसोटी नापास झाली आणि नवं शास्त्र सुरू झालं. त्यानं पुढं तोंडाकडचा भाग उभा चिरून सात-सात डोक्यांचे हायड्रा तयार केले, डुकराच्या राठ केसानं हायड्रा मोज्यासारखा उलटा करून पाहिला. १७४३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीनं त्याला कोप्ली पदक दिलं. डोकं तोडलं की नवी डोकी फुटणाऱ्या ग्रीक पुराणातल्या सर्पाचं नाव, जीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं या वंशाला दिलं. आपल्याकडे नाव ठेवलं असतं तर रक्तबीज ठेवलं असतं, पण ते या गरीब जिवाला शोभलं नसतं.

साताऱ्यात बोलतोय म्हणून आणखी एक नाव घेतल्याशिवाय पुढे जाणार नाही. शंकर पुरुषोत्तम आघारकर. मालवणचे, वनस्पतिशास्त्रज्ञ. हायड्राचा एक नातलग आहे, गोड्या पाण्यातला जेलीफिश. त्याचा हा प्रकार तोवर आफ्रिकेतच माहीत होता. आघारकरांनी तो आपल्या सह्याद्रीतल्या नदीच्या पाण्यात शोधला आणि १९११ च्या सुमारास त्याची शास्त्रीय नोंद झाली. त्यांचं नाव लावणारी आघारकर संशोधन संस्था पुण्यात आहे, आणि तिथं सुरेंद्र घासकडबी यांनी कित्येक वर्षं हायड्रावर काम केलं. जगभरच्या शोधनिबंधांत 'हायड्रा वल्गॅरिस इंड-पुणे' नावाचा एक वाण भेटतो. इंड म्हणजे भारत आणि पुणे म्हणजे आपलं पुणे. आपल्या मुलांना आपल्या पाण्यातला हायड्रा परदेशी पुस्तकाच्या आकृतीतून भेटतो, याचं मला वाईट वाटतं ते यामुळंच.

आणि दुसरी तक्रार. इथं माझा आवाज चढेल, सांभाळून घ्या. एथेल ब्राउन. अमेरिकेतली पंचविशीही न गाठलेली विद्यार्थिनी. तिनं हायड्राच्या तोंडाजवळचा एक कण काढला आणि दुसऱ्या हायड्राच्या पोटावर बसवला. तिथं नवं डोकं आणि नवं शरीर उगवलं. हे नवं अंग त्या कणातूनच वाढलं, की कणानं यजमानाच्या पेशींना कामाला लावलं? उत्तरासाठी तिनं हिरवा हायड्रा आणि पांढरा हायड्रा असे दोन रंग वापरले. किती सुंदर युक्ती! नव्या अंगाचा बराच भाग यजमानाच्या रंगाचा निघाला. म्हणजे तो कण स्वतः फक्त वाढत नव्हता, शेजाऱ्यांना सांगत होता: तुम्ही आता डोकं व्हा. हे छापून आलं १९०९ साली. अशा संघटक उतीची, म्हणजे शेजारच्या पेशींना घडवणाऱ्या पेशीसमूहाची, कल्पना सालामांडर या बेडकाच्या नातलगाच्या भ्रूणावरून हान्स स्पेमान आणि हिल्डे मँगोल्ड यांनी मांडली १९२४ साली, आणि स्पेमान यांना १९३५ चं नोबेल मिळालं. त्यांचं काम मोठंच आहे. पण पंधरा वर्षं आधी हायड्रात हे दाखवणाऱ्या मुलीचं नाव मी एम.एस्सी.ला ऐकलं नव्हतं. तुमच्यापैकी जे शिकवतात, त्यांना विनंती आहे, उद्यापासून फळ्यावर हे नाव लिहा.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, मग मुद्द्यावर येतो.

मला मुळात जे सांगायचंय ते असं, की पुनर्जनन ही हायड्राच्या आयुष्यात कधीतरी घडणारी घटना नव्हे, ती त्याची रोजची दिनचर्या आहे. त्याच्या धडातल्या मूळपेशी सतत विभागत असतात. नव्या पेशी येतात तशा जुन्या हळूहळू दोन्ही टोकांकडे सरकतात, शुंडकांच्या टोकाशी आणि तळाच्या चकतीशी पोचल्या की गळून पडतात. साधारण तीन आठवड्यांत धड जवळजवळ नवं होतं. आपल्या लोणंदला पालखी येते तेव्हा दिंडी बघा. वीणा अखंड चालते, पण धरणारे हात बदलतात, आणि ती खाली कधी ठेवत नाहीत. हायड्राचं डोकं म्हणजे ती वीणा. जी पेशी सरकत त्या जागी येते ती डोक्याची पेशी होते. कुठं आहेस यावर काय होशील ते ठरतं.

मग डोकं कुठं, हे कसं ठरतं? धडाच्या प्रत्येक भागात डोकं होण्याची ताकद आहे, वर जास्त, खाली कमी. पण असलेलं डोकं खाली निरोप पाठवत राहतं, की दुसरं डोकं नको. वीणेकरी चालतोय तोवर दुसरं कुणी वीणा उचलत नाही. डोकं कापलं की निरोप थांबतो, आणि उरलेल्यात ज्या टोकाची ताकद जास्त, तिथं डोकं येतं. म्हणून तुकडा कसाही कापा, त्याचं वरचं वरच राहतं. अल्फ्रेड गीरर आणि हान्स माइनहार्ट यांनी १९७२ मध्ये हे गणितात मांडलं: जवळच्या जवळ चेतवणारा एक घटक आणि लांबवर पसरून आवरणारा दुसरा. त्याच वर्षी गीरर यांच्या गटानं याहून धाडसी प्रयोग केला. हायड्राच्या पेशी सुट्या-सुट्या केल्या आणि पुन्हा एकत्र दाबून गोळा केला. वर-खाली काही उरलंच नव्हतं. तरी काही दिवसांत त्या गोळ्यावर डोकी उमटली. चेतवणाऱ्या घटकांपैकी एक म्हणजे डब्ल्यूएनटी नावाचे प्रथिन-संकेत, हे २००० साली कळलं. आपल्या आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत नवं होतं, त्यामागंही याच घराण्याचे संकेत आहेत.

दोन गैरसमज घाईत सांगून टाकतो. कुठल्याही तुकड्यातून हायड्रा होतो असं सर्रास सांगतात, ते खरं नाही. नुसतं शुंडक कापून ठेवा, काही होणार नाही. तिथल्या पेशींचं विभाजन संपलेलं असतं. हवा तो धडाचा तुकडा, आणि तो काही शे पेशींचा असला तरी पुरतो. नवं शरीर मात्र लहान बनतं, कारण तुकडा वाढत नाही, आहे त्याच पेशींतून सगळं नव्यानं मांडतो. कणकेच्या उरलेल्या गोळ्याची लहानशी पण पुरी गोल पोळी लाटावी तसं. दुसरं, अमरत्व. डॅनियल मार्टिनेझ यांनी १९९८ साली दाखवलं की चार वर्षं सांभाळलेल्या हायड्रांत वयाबरोबर मरण्याचं प्रमाण वाढलं नाही. पण तो उपाशी मरतो, उन्हाळ्याच्या तापल्या पाण्यात मरतो, नळाच्या क्लोरीनच्या पाण्यात मरतो. आणि ऑलिगॅक्टिस जातीचा हायड्रा थंडीत लैंगिक प्रजननाकडे वळला की म्हातारा होताना दिसतो.

वेळ संपली, थांबतो. मागच्या टेबलाशी ओळीनं या, लहान मुलांना पुढे घ्या. टेबलाला धक्का लागू देऊ नका, लागला तर दोन मिनिटं थांबा. डाव्या वाटीत वरचा तुकडा आहे, त्याची शुंडकं आधीचीच. उजव्या वाटीत खालचा तुकडा, मंगळवारी याला डोकं नव्हतं. भिंगातून त्याच्या वरच्या टोकाकडे बघा, कडेला बारीक उंचवटे आलेत. दुपारी मी मोजले तेव्हा चार होते. आता किती आहेत ते तुम्ही मोजा आणि मला सांगा.