हाडातली रोवणी

[बांधीतला चिखल. रोवणीची रांग. पाण्याचा आवाज.]

कुरखेडा तालुका, जिल्हा गडचिरोली. जुलै सरत आलाय. बांध्या भरल्यात, पऱ्ह्यांच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, पेंढ्या येऊन पडल्यात आणि बायांचे हात भराभर चालताहेत.

[बांधावर बसलेली मुलगी]

बारा वर्षांची ही मुलगी मात्र चिखलात उतरत नाही. आई सांगते, "पान्यात उभी रायली का रातभर हाडं ठणकते तिचे." तिला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. गार पाणी, पावसात भिजणं, साधा ताप, कोणतंही निमित्त पुरतं.

[सूक्ष्मदर्शकाखालचं रक्त]

गोल, मधे दबलेल्या दिसतात त्या निरोगी तांबड्या पेशी. आणि ही वाकलेली, विळ्यासारखी, ती सिकल. हिमोग्लोबिनच्या जनुकात एका अक्षराचा फरक, बस. ही पेशी बारीक रक्तवाहिनीत अडकते, म्हणून कळा येतात. निरोगी पेशी साधारण 120 दिवस टिकते, ही 10 ते 20 दिवसांत संपते. मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल शुक्ला आणि सोळंकी यांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं ते 1958 साली. आपल्याला हा आजार नवा नाही.

[मज्जेचा नमुना, काचपट्टीवर]

हे रक्त बनतं कुठे? हाडाच्या आतल्या मऊ, लालसर मगजात, म्हणजे मज्जेत. कमरेचं हाड, छातीचं हाड, फासळ्या. तिथं मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, असतात. त्या स्वतःसारख्या नव्या मूळपेशी घडवतात आणि त्यांच्यातूनच तांबड्या, पांढऱ्या पेशी, रक्त गोठवणाऱ्या बिंबिका तयार होतात. दर सेकंदाला 20 लाखांहून जास्त तांबड्या पेशी! मज्जेतल्या या मूळपेशींना 'प्रौढ मूळपेशी' म्हणतात, पण वयाशी त्याचा संबंध नाही. कालच जन्मलेल्या बाळाच्या हाडातही त्या असतात.

स्टेम सेलनं गुडघ्यापासून मधुमेहापर्यंत सगळं बरं करू, अशा जाहिराती हल्ली दिसतात. कृपा करून त्यांच्या नादी लागू नका. मूळपेशींचं वर्षानुवर्षं पारखलेलं काम आहे ते रक्ताच्या आजारांमध्ये.

[पुन्हा बांधी. चिखलणी, मग पऱ्हे रोवणारे हात.]

त्या कामाचं नाव मज्जा प्रत्यारोपण. ते समजायला ही बांधीच बघा. आधी चिखलणी होते, जुनं सगळं गाडलं जातं. तशी रुग्णाची स्वतःची मज्जा औषधांनी रिकामी करतात. पऱ्हे दुसऱ्या जागेहून आणतात. तशा मूळपेशी दात्याकडून येतात. भूल देऊन कमरेच्या हाडातून त्या सुईनं काढतात, काही आठवड्यांत दात्याची मज्जा पुन्हा भरते. रुग्णाला त्या शिरेतून देतात, रक्ताच्या पिशवीसारख्या. हाडाची वाट पेशी स्वतःच शोधतात. मग दोन ते चार आठवडे वाट पाहायची, रोव धरतो का म्हणून.

अमेरिकेत रक्ताचा कर्करोग झालेल्या एका मुलीवर हा उपचार झाला. तिला सिकलसेलही होता. कर्करोगासोबत तोही गेला. हे प्रसिद्ध झालं 1984 मध्ये. आज पूर्ण जुळणाऱ्या सख्ख्या भावंडाची मज्जा मिळाली, तर दहातली नऊ मुलं बरी होतात.

जोखीम आहे. संसर्ग, नव्या पेशींचं शरीराशी भांडण, पुढे मूल न होण्याची शक्यता, लाखांतला खर्च.

[अंगणात धाकटा भाऊ. आ वासलेला. गालात फिरणारी कापसाची काडी.]

हा तिचा धाकटा भाऊ. सख्ख्या भावंडाचं एचएलए, म्हणजे पेशींवरची ओळखखूण, पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. तो सिकलसेलचा वाहक आहे, म्हणजे सदोष जनुक एकाच पालकाकडून आलंय, आजार नाही. पण त्यानं अडत नाही. वाहकही दाता होऊ शकतो. तपासणीला लागते ती एवढीच, गालाच्या आतून फिरवलेली काडी.

1 जुलै 2023 रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. गावागावात बोटाला टोचून रक्त तपासलं जातंय. आजार निघाला की गोळ्या सुरू होतात, त्या हव्यातच. पण त्याच दिवशी, त्याच टेबलावर भावंडांच्या गालातून काडी का फिरू नये? वय वाढत जातं तसा हा उपचार अवघड होत जातो. या मुलीला आजार सापडला तेव्हा ती चार वर्षांची होती. भावाची तपासणी आत्ता होतेय.

[पाकीट बंद होतं. वर दोघांची नावं. लाल एसटी वळणावरून निघते.]

पाकीट नागपूरला चाललंय.

[बांधावर दोघं. निवेदन नाही.]